किनाऱ्यावर ‘नाही’ कोण म्हणणार?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात कुठल्याही किनारी गावच्या ग्रामसभेला जाऊन बसा. विषयपत्रिकेवर गटार असो वा कचरा, अर्ध्या तासात बोलणे जमिनीवर येतेच. अमक्या सर्व्हे नंबरात रात्री भराव कोणी टाकला? तमक्या डोंगराला जेसीबी कोणाच्या परवान्याने लागला? सरपंच म्हणतात, ते नगरनियोजन खात्याचे काम. खात्यात विचारावे तर बांधकामाचा परवाना पंचायतीने दिलेला. भरतीरेषेचा विषय निघाला की दोघेही किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडे बोट दाखवतात. प्राधिकरण सांगते, लेखी तक्रार द्या, पाहणी करू. पाहणीला माणसे येईपर्यंत स्लॅब घालून झालेला असतो, आणि स्लॅब घातला की ते ‘बांधकाम’ न राहता ‘प्रकरण’ होते. प्रकरणाला वकील लागतो, तारखा लागतात.

म्हणून गोव्याच्या किनाऱ्याला आणखी कडक कायदा हवा, हे ठरावीक वाक्य मला पटत नाही. कायदे भरपूर आहेत. नाही म्हणण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो म्हटल्यावर टिकतो का, हा खरा प्रश्न आहे. माझे मत असे : किनारी आणि खाडीकाठच्या गावात जमिनीचा वापर बदलायचा असेल तर ग्रामसभेचा नकार अंतिम मानावा. पण कायद्याने जे मना केले आहे, ते ग्रामसभेने हो म्हटले म्हणून मोकळे होता कामा नये. पंचायतराजचे कैवारी यातला पहिला भाग बोलतात आणि दुसरा गिळतात; पर्यावरणवाल्यांचे बरेचदा उलट होते. दोन्ही एकत्र बोलले तरच त्यांना अर्थ आहे.

कायद्याची वंशावळ थोडक्यात. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा, असे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिली सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना आली आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ‘ना विकास क्षेत्र’ ठरले. २०११ मध्ये दुसरी अधिसूचना आली. त्यात गोव्यासाठी वेगळे कलम, खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या जमिनींचा उल्लेख. २०१९ च्या तिसरीत जरा सैल कारभार झाला : २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती असेल तर ग्रामीण भागातही २०० चे ५० मीटर, आणि भरती-ओहोटीच्या नद्या-खाड्यांच्या काठी १०० चे ५०. गोव्याला फटका बसतो तो या दुसऱ्या आकड्याचा. आपला समुद्रकिनारा सुमारे १०५ किलोमीटर, पण तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ यांचे काठ त्याहून कितीतरी लांब, आणि खरी शेती तिथेच.

आता गंमत बघा. २०११ च्या अधिसूचनेवर बेतलेला गोव्याचा किनारी आराखडा मंजूर व्हायला २०२२ उजाडले. अकरा वर्षे. मधल्या काळात कोणत्या नकाशावर बोट ठेवायचे हेच ठरलेले नव्हते. चेन्नईच्या संस्थेने केलेला मसुदा लोकांपुढे आला तेव्हा गावोगावच्या लोकांनी दाखवून दिले की बांध, मानशी (बांधातली पाण्याची दारे), वाळूच्या टेकड्या, मच्छीमारांचे वाडे म्हणजे वस्त्या यातले बरेच काही नकाशावर नाहीच. मार्च २०२१ ची सुनावणी इतकी घाईची आणि गोंधळाची झाली की हरित लवादाने ती पुन्हा घ्यायला लावली. जुलैमध्ये ती झाली. लोक अडाणी, लोक विरोधाला विरोध करतात, असे म्हणणाऱ्यांनी त्यावेळच्या हरकती काढून वाचाव्यात. ओहोळ कुठून वाहतो, होड्या कुठे ओढून ठेवतात, रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे कुठे सुकते, हे उपग्रहाला दिसत नाही. वाड्यावरच्या माणसाला दिसते.

किनाऱ्यावर सर्वांत जास्त वापरली जाणारी पळवाट मात्र नकाशात नसून दुरुस्तीच्या परवान्यात आहे. ना विकास क्षेत्रातल्या जुन्या, अधिकृत घराची डागडुजी करता येते. क्षेत्रफळ वाढवायचे नाही, एवढीच अट. सवलत रास्त आहे. पावसाआधी मच्छीमाराने नळे बदलायचे नाहीत तर काय छत्री घेऊन झोपायचे? पण याच सवलतीतून हॉटेले उभी राहतात. जुन्या सर्व्हे नकाशावर एक चौकोन असतो : मातीच्या भिंतींचे, नळ्यांचे घर, ज्यात कैक वर्षांत चूल पेटलेली नाही. त्या चौकोनाला घर क्रमांक असतो, घरपट्टीची पावती असते. दलाल जागा पाहायला येतो तेव्हा समुद्र नंतर बघतो. आधी एक-चौदाचा म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा आणि ती पावती मागतो. भिंती पडक्या असल्या तरी चालतात, किंबहुना पडक्याच बऱ्या. पंचायत दुरुस्तीचा परवाना देते. हिरव्या जाळीचे आणि पत्र्याचे कुंपण लागते. ते काढले जाते तेव्हा खाली रेस्टॉरंट, वर खोल्या, मागे पोहण्याचा तलाव, आणि कागदोपत्री सगळे ‘दुरुस्ती’.

त्याच वाड्यावर मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर असते. जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या नावावर, म्हणून दुरुस्तीला भाटकाराची ना-हरकत लागते. भाटकार वारला, वारस मुंबईला, लंडनला पांगलेले. सर्व्हे झाला तेव्हा तिथे झावळ्यांची खोप होती, म्हणून नकाशावर चौकोनच नाही. मुलाने पै पै साठवून चिऱ्याची भिंत घातली, की महिन्याभरात सीआरझेडची नोटीस. या नोटिसा मिळालेला मच्छीमार किनारी कायद्याचा मित्र होईल अशी अपेक्षा कशी करायची? आणि मग हॉटेलवाले त्यालाच पुढे करून म्हणतात, ‘बघा, स्थानिकांचाच विरोध आहे.’

हडफड्याची आग आठवा. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री तिथल्या नाइटक्लबमध्ये २५ माणसे मेली. मरणारे बहुतेक तिथेच काम करणारे होते. क्लब मिठागराच्या पाण्यात उभा होता. पंचायतीनेच एकदा व्यवसाय परवाना दिलेला, आणि पुढे त्याच पंचायतीने बांधकाम पाडण्याचा आदेश काढलेला. त्या आदेशाला पंचायत संचालनालयात स्थगिती मिळाली. माझ्या म्हणण्याचा सगळा पुरावा या एका जागेत आहे. गावाचा होकार इतका स्वस्त की मिठागरावर क्लब चालतो. गावाचा नकार इतका दुबळा की एका स्थगितीने तो गुंडाळून ठेवता येतो. नंतर सगळ्यांनी एकमेकांकडे बोटे दाखवली आणि सगळ्यांचीच बोटे थोडीफार बरोबर होती.

मिठागरे आणि खाजने या विषयात का येतात, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे, आणि खरे तर पणजीतल्या नव्या पिढीलाही. खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली जमीन. राज्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर आहे. बांधाला जागोजागी मानस असते, लाकडी झडपांचे दार. भरतीला बाहेरचे पाणी झडपांवर रेटते आणि त्या आपोआप मिटतात. ओहोटीला आतले पाणी रेटते आणि त्या उघडतात. मोटर नाही, वीज नाही. पावसात आत कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात, उन्हाळ्यात कुठे मीठ, कुठे मासळी. मानशीजवळच्या मासेमारीची पावणी होते. बोली लावून जो पैसा येतो त्यातून बांधाची डागडुजी करायची, असा हिशेब. पूर्वी हे गावकरी बघायचे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कूळ संघांकडे आले. गोव्याच्या किनाऱ्याचे नियमन सीआरझेडच्या कितीतरी आधीपासून चालू होते, ते असे. कोणी नकाशा काढला नव्हता, पण बांध फोडला तर कोणाचे नुकसान हे सर्वांना ठाऊक होते.

आज खाजन मोडण्याची पद्धत ठरलेली आहे. पावणीत मासळीचा भाव भातापेक्षा जास्त, म्हणून खारे पाणी आत ठेवण्यात ठेकेदाराचा फायदा. बांध खचतो, कूळ संघ कागदावरच, दुरुस्तीला पैसा नाही. दोन-तीन पावसाळ्यांत शेत खारवते. शेत पडीक म्हणून नोंदले जाते. मग कोणी तरी म्हणतो, पडीकच तर आहे, भराव घालू द्या. क्वचित त्याआधीच खारफुटी उगवते, आणि खारफुटी उगवली की ती जमीन सीआरझेड एकमध्ये जाते, सर्वांत कडक वर्गात. पर्यावरणवाले सुखावतात, शेतकरी रडतो. त्याच्या शेतात जंगल वाचले म्हणून तो पेढे वाटणार नाही. खारफुटीच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांना हे सांगितले की ते चिडतात. पण खाजन वाचवायचे तर आधी बांध वाचला पाहिजे. बांधाचा पहारा पणजीच्या कार्यालयातून होत नाही. सखल जमीन भरायला आणि डोंगर कापायला परवानगी लागते, असे नगरनियोजन कायद्याचे १७ अ कलम १९९७ पासून सांगते. रात्री ट्रक येतो तेव्हा ते कलम झोपलेले असते, शेजारी जागा असतो.

आता वरून येणाऱ्या होकाराकडे. १९७४ च्या नगरनियोजन कायद्यात गेल्या काही वर्षांत जी कलमे घुसली, त्यांचा सूर एकच : आराखडा गावाने बसून करायचा नाही, जमीनमालकाने अर्ज करायचा आणि त्याच्या तुकड्यापुरता बदलायचा. २०१८ चे १६ ब, मग २०२३ चे १७ (२). या शेवटच्यात मालकाने म्हणायचे, ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ या राज्याच्या भूवापर आराखड्यात माझी जमीन चुकून शेती किंवा बागायत दाखवली आहे. खात्याने ती ‘चूक’ दुरुस्त करायची. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाला आवर घातला. पण २०२४ मध्ये त्याच सुराचे ३९ अ कलम आलेलेच होते. त्यात ३० दिवसांत लोकांनी सूचना द्यायच्या. राजपत्र वाचून, सर्व्हे नंबर शोधून, महिन्याभरात हरकत लिहिणारा मनुष्य कोण? एखादा निवृत्त शिक्षक, एखादी तरुण वकील. गाव म्हणून कोणी विचारत नाही. सुट्या माणसाची हरकत ही ‘सूचना’ असते, फाइलला जोडून ठेवायची.

गावाला विचारून आराखडा होतच नाही, हा युक्तिवाद मात्र गोव्यात कोणी करू नये. २००६ च्या जनआंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये सरकारला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (२०११ सालापर्यंतचा) रद्द करावा लागला. पुढचा आराखडा करताना चार्ल्स कोरिया ज्यात उपाध्यक्ष होते त्या कृतिदलाने नकाशे पंचायतींकडे पाठवले, लोकांनी गावागावात बसून ते रंगवले, हरकती घेतल्या. उशीर झाला, वाद झाले, शेवटी काही ठिकाणी लोकांनी सांगितले ते नकाशात उतरले नाही, हे सगळे खरे. पण सामान्य माणसाने भूवापराचा नकाशा वाचायला शिकण्याचा तो एकमेव मोठा प्रयोग. त्याच आराखड्यात आता ‘चुका’ सापडतात आणि त्या नेमक्या शेतांवर आणि उतारांवरच सापडतात, हा योगायोग मोठा विलक्षण.

वरचे सरकार न्यायालयाच्या नकारालाही कसे वळसे घालते, याचे उदाहरण दोनापावल्याच्या वायंगिणी किनाऱ्यावर आहे. तिथल्या हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादन करून दिली होती, लोकांची वाट मोकळी ठेवण्याच्या अटीवर. वाट अडली. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी राज्य सरकारने वटहुकूम काढून भूसंपादन कायद्यातच पूर्वलक्ष्यी दुरुस्ती केली. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेचा तंटा विधिमंडळापर्यंत गेला आणि वाट हरली.

ग्रामसभेवर एवढा विश्वास कशाला, असे विचारणारे चुकीचे विचारत नाहीत. दुरुस्तीचे ते परवाने पंचांनीच दिले आहेत. ग्रामसभेत जीप भरून माणसे आणली जातात, हात वर करायला सांगितले जातात. शिवाय आपण ‘दिल्लीवाल्यांनी गोवा विकत घेतला’ म्हणून गळा काढतो, पण विक्रीखतावर सही कोणाची? जमीन स्वतः चालत दिल्लीला गेलेली नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यावर पेडण्यातल्या दरांकडे बघून कोणाकोणाचे मन चळले, हे गावाला पाठ आहे. म्हणूनच मी ग्रामसभेला होकाराचा एकट्याने अधिकार द्यायला तयार नाही. वाळूच्या टेकड्या, कासवांची अंडी घालण्याची जागा, खाजन, मिठागर, ना विकास क्षेत्र, इथे गावाने एकमुखाने हो म्हटले तरी ते चालता नये.

मोरजीच्या टेंबावर, शापोरा जिथे समुद्राला मिळते तिथे, हिवाळ्यात रात्री जाऊन पाहा. ऑलिव्ह रिडले मादीने अंडी घातलेल्या जागेभोवती वनखात्याने काठ्या रोवून जाळी लावलेली असते, राखणदार बसलेला असतो. पन्नासएक दिवसांनी पिले वर येतात आणि उजेडाच्या दिशेने सरपटतात. हजारो वर्षे तो उजेड समुद्रावरचा होता. आता पाठीमागे दिवे अधिक लखलखतात. मर्यादवेल आणि रावणाची मिशी ज्या टेकडीला धरून ठेवतात ती कोणीतरी ‘लेव्हल’ करून घेते, कारण खाटा मांडायला सपाट जागा हवी. टेकडी गेली की पुढच्या पावसाळ्यात लाट आत येते, मग दगडी भिंतीची मागणी होते आणि भिंतीचे टेंडर निघते. केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे आडवी होताना आपण पाहिलेलीच आहेत. हे ग्रामसभेच्या बहुमताने ठरवायचे विषय नव्हेत.

मग ग्रामसभेला नकार तरी कशाला? कारण जिथे कायदा बांधकामाला वाट ठेवतो, २०० ते ५०० मीटरांत, किंवा त्यामागच्या शेतात आणि डोंगरउतारावर, तिथे पाणी, रस्ता, सांडपाणी, कचरा यांचा भार गाव उचलते. तळमजला आणि वर एक, नऊ मीटर उंची, हे नियम पाळूनही शंभर खोल्या बसतात आणि शंभर खोल्यांचा शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतो. हे पेलवणार का, हे गावाने ठरवावे. माणसे फोडता येतात हे खरे. पण होकारासाठी फोडलेल्या माणसांचा धोका माझ्या मांडणीत कमी होतो, कारण होकाराने पुढचे दार उघडतच नाही, तिथे नगरनियोजन आणि किनारी प्राधिकरण असतेच. नकारासाठी कोणी माणसे विकत घेईल, तर तो फार तर एखादा प्रतिस्पर्धी हॉटेलवाला. ती जोखीम मी घेईन.

पर्यटनाचे काय, रोजगाराचे काय? काणकोणला पाळोळे, पाटणे, आगोंद बघा. बांबू-प्लायची खोपटी ऑक्टोबरात उभी राहतात, पावसाळ्याआधी उतरतात. कित्येक ठिकाणी मालक गावचाच असतो. सगळे सोवळे आहे असे नाही. सांडपाण्याचा प्रश्न तिथेही आहे आणि काहींनी चौथरे गुपचूप काँक्रीटचे केले आहेत. पण धंदा होतो आणि जूनमध्ये किनारा पुन्हा किनारा होतो. काँक्रीटशिवाय रोजगार नाही, हे तिथल्या माणसाला सांगून बघा.

कायद्यात करायचे ते फार अवघड नाही. घटनेच्या ११ व्या अनुसूचीतले अधिकार पंचायतींना किती द्यायचे, हे २४३ ग खाली विधानसभेच्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीला जायला नको. भूरूपांतराचा प्रत्येक प्रस्ताव सर्व्हे नंबरसह खास ग्रामसभेपुढे यावा, त्याच एका विषयासाठी बोलावलेल्या, चित्रीकरण होणाऱ्या. तिथे नकार आला तर फाइल तिथेच बंद. पंचायतीच्या पाडकामाच्या आदेशाला वरून स्थगिती मिळाली तर ती ९० दिवसांत आपोआप संपावी, आणि स्थगिती चालू असताना धंदा चालू नसावा. वीज-पाणी तोडलेले असेल तर वकिलालाही तारीख लवकर हवी असते. नव्या किनारी आराखड्यात मच्छीमार वाडे, होड्यांच्या जागा, बांध आणि मानशी सर्व्हे नकाशावर उतरल्याशिवाय जनसुनावणी घेऊ नये. नकाशावर चौकोन नसलेल्या मुंडकारांच्या घरांची वेगळी मोजणी करून त्यांना दुरुस्तीचा हक्क मिळावा, विक्रीचा नको. नाहीतर दलाल उद्या तिथेही पावती मागायला उभा राहील.

याला विरोध कोण करील हे उघड आहे. नगरनियोजन खाते मिळावे म्हणून प्रत्येक मंत्रिमंडळात रुसवेफुगवे का होतात, हे गोव्यात शाळकरी पोरालाही कळते. विरोधी बाकांवर असताना भूरूपांतराविरुद्ध बोललेले लोक सत्तेच्या बाकांवर गेल्यावर कलमांचे अर्थ समजावून सांगू लागतात. पक्षाची नावे इथे देत नाही, यादी लांबेल. २०२७ च्या विधानसभा निवडणुकीसाठी दारात येणाऱ्या उमेदवाराला मात्र आपण एवढे विचारू शकतो, की ३९ अ मध्ये ग्रामसभेच्या संमतीची अट घालण्याचे खासगी विधेयक पहिल्याच अधिवेशनात मांडणार का. आणि उत्तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घेऊ शकतो.